तीस वर्षांनी पुन्हा रस्त्यावर फोटो काढताना: कॅमेरा नंतर, अंतर आधी

प्रश्न थोडक्यात असा: वय ६३. १९८५ ते १९९४ या काळात पेंटॅक्स के१००० हा फिल्म कॅमेरा आणि ५० मिमी लेन्स घेऊन पुण्यात मंडई, लक्ष्मी रस्ता, नदीपात्र असं भटकून फोटो काढले. मग नोकरी-संसारात ते सुटलं. आता निवृत्ती, प्रोग्रेसिव्ह चष्मा आणि कुरकुरणारा उजवा गुडघा. नवा कॅमेरा कुठला घ्यावा, जुना के१००० दुरुस्त करावा का, आणि हल्ली लोक रस्त्यावर फोटो काढू देतात का?

कॅमेऱ्याचं सांगतोच, पण त्याआधी अंतराचं बोलू. परत येणाऱ्यांचं पहिल्यांदा बिघडतं ते अंतर, आणि तेच कुणी तपासत नाही.

के१०००वर ५० मिमी लेन्स लावून आडवी फ्रेम धरली की उभा माणूस डोक्यापासून चपलांपर्यंत काठोकाठ बसतो तो साधारण साडेतीन मीटरवर. नऊ-दहा वर्षं तुमच्या पायांनी हेच अंतर पाठ केलंय. आजचे रस्त्यासाठीचे बहुतेक कॅमेरे ३५ किंवा २८ मिमीच्या तोडीची लेन्स घेऊन येतात. हा आकडा जितका लहान, तितकं दृश्य जास्त रुंद. ३५वर तोच माणूस काठोकाठ बसायला २.४ मीटर लागतात, २८वर १.९. फोनचा मुख्य कॅमेरा तर २४च्या आसपासचा, म्हणजे १.६५ मीटर. पाय मात्र जुन्या सवयीनं साडेतीनवरच थांबतात. परिणाम ठरलेला: पहिल्या महिन्याचे सगळे फोटो सैल. माणूस मधोमध, चिमुकला, आजूबाजूला नुसता रस्ता आणि होर्डिंग. मग ‘लेन्स जवळचं आणत नाही’ म्हणून लोक झूम घेतात, आणि गाडी तिथून जी भरकटते ती भरकटतेच.

उलट चूकही होते. जुनी ५० मिमी अ‍ॅडॉप्टर लावून एपीएस-सी सेन्सरच्या (म्हणजे फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरच्या) नव्या कॅमेऱ्यावर चढवली तर ती ७५च्या तोडीची होते आणि माणूस पूर्ण बसायला पाच मीटर मागे जावं लागतं. लक्ष्मी रस्त्यावर पाच मीटर मोकळे कुठे मिळतात? मधे स्कूटर येतेच.

यावर उपाय फुकटचा आहे. घरात दोन फुटी टाइल्स असतील तर एक टाइल ६० सेंटिमीटरची, चार टाइल्स म्हणजे २.४ मीटर. घरातल्या कुणाला तरी चौथ्या टाइलच्या कडेवर उभं करा, ३५ मिमीच्या फ्रेममध्ये तो कसा बसतो ते पाहा, मग कॅमेरा खाली करून तेच अंतर नुसत्या डोळ्यांनी पाहा. रोज दहा मिनिटं, आठवडाभर. मग बाहेर पडा आणि कॅमेरा न काढता अंदाज बांधा: तो पानवाला किती टाइल्सवर? अंदाज लागला की पावलांनी मोजा. दहातले आठ अंदाज एका टाइलच्या फरकात आले की तुम्ही तयार.

हा खटाटोप कशासाठी? कारण पुढची सगळी पद्धत ठरवून ठेवलेल्या अंतरावर चालते. चाळिशी उलटलेल्या डोळ्यानं, हलत्या माणसावर, क्षणात फोकस जुळवणं अवघड होतं, आणि ऑटोफोकस गर्दीत भलताच चेहरा पकडतो. त्यापेक्षा फोकस मॅन्युअलवर टाकून अडीच मीटरवर ठेवा आणि विसरा. एपीएस-सी कॅमेऱ्यावर २३ मिमी लेन्स (३५च्या तोडीची), एफ/८ (हे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) आणि अडीच मीटर: साधारण १.४ पासून १० मीटरपर्यंत सगळं चालण्यासारखं स्पष्ट. एफ/५.६ केलं तर १.६ ते ५.३. एफ/२.८वर हा पट्टा २ ते ३.४ इतकाच उरतो, तिथे माणूस अंदाजापेक्षा एक टाइल जवळ निघाला तरी धूसर. म्हणून दिवसा एफ/८ सोडू नका.

फुजीच्या कॅमेऱ्यात या अंतराची पट्टी पडद्यावर दिसते, पण तिचे दोन हिशेब असतात, पिक्सेलचा आणि फिल्मचा. मेनूत पिक्सेल निवडलेलं असेल तर पट्टा इतका अरुंद दिसतो की घाबरून लोक ही पद्धतच सोडतात. फिल्म निवडा, वरचे आकडे त्याच हिशेबाचे आहेत. आणखी एक: फोकस मोटरनं फिरवणाऱ्या लेन्समध्ये कॅमेरा बंद-चालू केल्यावर ठेवलेलं अंतर कधी कधी सरकतं. चालू केल्यावर पट्टीकडे एक नजर टाकायची सवय लावा.

आता डोळे. प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा वरचा भाग दूरचा, खालचा जवळचा. व्ह्यूफाइंडरला, म्हणजे कॅमेऱ्याच्या छोट्या खिडकीला, डोळा लावला की आपण वरच्या भागातून पाहतो. कॅमेऱ्याच्या मागचा पडदा पाहायचा तर हनुवटी उचलावी लागते. तासाभरात हे पन्नास वेळा झालं की मान धरते, आणि दोष जातो कॅमेऱ्याच्या वजनाला. म्हणून तुमच्या कॅमेऱ्याला व्ह्यूफाइंडर हवाच. त्याच्या कडेला डायॉप्टरची, म्हणजे आपल्या नंबराप्रमाणे व्ह्यूफाइंडर जुळवायची, छोटी चाकी असते, बहुतेक ठिकाणी −४ ते +२ या टप्प्यातली. ती लावताना समोरच्या दृश्याकडे पाहू नका. लेन्सवर झाकण ठेवून व्ह्यूफाइंडरमधले आकडे पाहा आणि ते सुईसारखे तीक्ष्ण होईपर्यंत चाकी फिरवा. दृश्याकडे पाहून लावलं तर धूसरपणा लेन्सचा की डोळ्याचा हे कळत नाही. चष्मा घालून फोटो काढणार असाल तर चष्म्यासकट लावा. सिलिंडरचा नंबर असेल तर चष्मा काढू नका, डायॉप्टर तो दोष भरून काढत नाही. आणि ही चाकी पिशवीत घासून फिरते. जागा पक्की झाली की नेलपॉलिशचा एक ठिपका देऊन टाका, नाहीतर महिन्याभरानं ‘नंबर वाढला वाटतं’ म्हणत डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाल.

मोतीबिंदू पिकत असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि निळा रंग अडवतं. मेंदू ते सांभाळून घेतो, पण संगणकावर रंग लावताना हात नकळत निळ्याकडे झुकतो. शस्त्रक्रियेनंतर जुने फोटो उघडले की ते थंडगार निळे दिसतात. म्हणून शस्त्रक्रिया व्हायची असेल तर तोवर रंगांना फार हात लावू नका, मूळ रॉ फायली (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या) जपून ठेवा. एकाच डोळ्याची झाली असेल तर पांढरा कागद आलटून पालटून एकेका डोळ्यानं पाहा, फरक लगेच कळेल. रंग ठरवताना नव्या डोळ्यावर भरवसा ठेवा. डायॉप्टरही पुन्हा लावावा लागतोच.

मग कॅमेरा कुठला? व्ह्यूफाइंडर असलेला, मागचा पडदा वर उचलता येणारा, आणि लेन्ससकट पाचशे ग्रॅमच्या आसपासचा. पडदा उचलता येणं चैनीचं नाही, ती गुडघ्याची सोय आहे. कॅमेरा पोटाशी धरून खाली पाहत फोटो काढता येतो, वाकावं किंवा उकिडवं बसावं लागत नाही. यशिका मॅटसारखा खाली पाहून वापरायचा कॅमेरा कधी हाताळला असेल तर हात लगेच बसेल. फुजीचा एक्स१००व्ही ४७८ ग्रॅमचा, लेन्स त्यालाच कायमची जोडलेली, शटरचा आवाज जवळजवळ नाहीच. त्याच्या आधीच्या एक्स१००एफचा पडदा उचलत नाही, वापरलेला घेताना एवढं पाहा. बजेट कमी असेल तर वापरलेला एक्स-टी३० आणि २३ मिमी एफ/२, दोन्ही मिळून साडेपाचशे ग्रॅमच्या थोडं वर. रिकोचा जीआर३ फक्त २५७ ग्रॅमचा, खिशात मावणारा, आणि त्यात १, १.५, २, २.५ मीटर अशी अंतरं आधीच ठरवून ठेवता येतात. या कामासाठी ती सोय अप्रतिम आहे. पण त्याला व्ह्यूफाइंडर नाही आणि पडदा उचलतही नाही. तुमचा चष्मा आणि गुडघा पाहता मी तो पहिला कॅमेरा म्हणून सुचवणार नाही. कुठलाही घ्या, गळ्यातला पट्टा काढून मनगटाचा लावा. मानेच्या मणक्यांचा त्रास असेल तर तिरका, खांद्यावरून घालायचा.

कॅमेरा लावायला पाच मिनिटं पुरतात. एफ/८, शटर किमान १/५००, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटो, कमाल ६४००. जुन्या काळी १/१२५ चालायचं कारण रोल ४००चा होता आणि प्रिंट पोस्टकार्डाएवढा. आता मोठ्या पडद्यावर चालणाऱ्याचा पाय १/२५०लाही हललेला दिसतो. कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण फक्त तुमच्या हाताचं थरथरणं सांभाळतं, समोरच्याचं चालणं नाही. कडक उन्हात या मांडणीला आयएसओ १२५च्या आसपास पुरतो, मोकळ्या सावलीत हजार, पेठेतल्या अरुंद बोळात दोन हजार. मंडईच्या दगडी इमारतीच्या आत मात्र सहा हजारही अपुरे पडतात. तिथे एफ/४ आणि १/२५० करा, फोकस दोन मीटरवर आणा आणि पट्टा अरुंद झाला आहे हे लक्षात ठेवा.

एक जुनी सवय मोडावी लागेल. निगेटिव्हमध्ये सावलीसाठी एक्सपोजर द्यायचं, जास्त झालं तरी फिल्म पोटात घालायची. डिजिटलचं उलट आहे. सावली नंतर वर उचलता येते, पण जळालेला पांढरा परत येत नाही. आपल्याकडे तर गांधीटोपी, धोतर, दुधाचे कॅन, उन्हातलं पांढरं नऊवारी असं सगळं फ्रेममध्ये असतंच. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन −०.७ वर, म्हणजे कॅमेरा ठरवतो त्यापेक्षा फोटो थोडा गडद येईल असं, ठेवूनच घराबाहेर पडा.

आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावाल तर धावती बस तिरकी येते आणि एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे पडतात. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, त्यावर थेट चालणारे स्वस्त दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. अशा दुकानासमोर यांत्रिक शटर वापरा किंवा वेग १/१००वर आणा. बीप आणि फोकसचा नारिंगी दिवा पहिल्याच दिवशी बंद करा.

आता मुख्य गोष्ट. तरुणपणी दिवसाला दहा किलोमीटर चालून फोटो शोधलेत. आता ते करू नका. गुडघा हे एक कारण झालं, पण चालत काढलेले बहुतेक फोटो तसेही घाईचे, माणसांच्या पाठीचे असतात. आधी जागा निवडा, फोटो तिथे येऊ द्या.

जागा निवडायची कशी, ते मंडईच्या उदाहरणानं पाहू. मेट्रोनं आता थेट मंडईला उतरता येतं, तेव्हा तिथवर पोचायला तंगडतोड नाही. सकाळी आठ-साडेआठला ऊन तिरकं असतं आणि दोन गाळ्यांच्या किंवा दोन टेम्पोंच्या मधून रस्त्यावर त्याचा एक पट्टा पडतो. पट्ट्याच्या मागे सावली हवी आणि त्या सावलीत होर्डिंग, पांढरी गाडी, चमकणारं छत असलं काही नको. पार्श्वभूमी गडद म्हणजे अर्धं काम झालं. पट्ट्याच्या कडेला जमिनीवर एक खूण शोधा: गटाराचं झाकण, फुटलेला ब्लॉक, कोबीची पानं. त्या खुणेपासून चार टाइल्सवर, भिंतीला टेकून उभे राहा. कोपरं बरगड्यांना चिकटवा. माणूस सावलीतून पट्ट्यात येताना त्याच्या तोंडाकडे पाहू नका, पायांकडे पाहा. पुढच्या पायाची टाच खुणेवर टेकत असते आणि मागच्याची उचललेली असते, तेव्हा पाय कैचीसारखे उघडे असतात. तेव्हा दाबा. पाय जुळलेले असताना काढलेला माणूस खांब दिसतो. एका पट्ट्यावर चाळीस मिनिटं, मग सूर्य सरकतो आणि पट्टा मोडतो. तेवढंच करा आणि घरी जा.

या चाळीस मिनिटांत पहिली दहा वाया गेलीच म्हणून समजा, कारण गाळेवाले तुमच्याकडे पाहत असतात. नंतर त्यांची गिऱ्हाइकं येतात आणि तुम्ही भिंतीचा भाग होता. चालत फिरणाऱ्या माणसाला ही सोय कधीच मिळत नाही.

बसून काढायचं असेल तर उंचीचा विचार करा. चहाच्या टपरीच्या बाकावर बसलात की डोळा जमिनीपासून एक मीटरच्या जरा वर येतो. जमिनीवर बसून मेथी-कोथिंबीर विकणाऱ्या बायका त्या पातळीवर फार चांगल्या येतात, त्यांच्यावरून खाली पाहिल्यासारखं वाटत नाही. उभी माणसं मात्र खालून दिसतात आणि त्यांची डोकी वायरींच्या जंजाळात अडकतात. बसल्या जागेवरून उभ्यांचे फोटो टाळा, हात, पिशव्या, तराजू, सुट्टे पैसे मोजणारी बोटं पाहा.

आणि ज्या दिवशी गुडघा अगदीच नाही म्हणतो त्या दिवशी गॅलरी आहे. प्रसिद्ध फोटोग्राफर आंद्रे केर्तेश १९५२मध्ये न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअरवर बाराव्या मजल्यावर राहायला गेला तेव्हा जवळजवळ साठीचा होता. पुढची तीसेक वर्षं त्यानं त्या खिडकीतून खालचा चौक टिपला. बर्फातले त्याचे फोटो बघाच. दुसऱ्या मजल्यावरून खाली ७५ ते १०० मिमीच्या तोडीची लेन्स पुरते. लेन्स बदलता येणारा कॅमेरा घेतलात तर तुमची जुनी ५० इथे अ‍ॅडॉप्टर लावून कामाला येईल. सकाळी आणि उतरत्या उन्हात वरून माणूस कमी, त्याची सावलीच जास्त दिसते, आणि फोटो त्या सावलीचाच काढायचा असतो. समोरच्या घरांच्या खिडक्यांकडे लेन्स वळवायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

लोकांचं म्हणाल तर १९९०पेक्षा दोन गोष्टी बदलल्यात. प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे, त्यामुळे कौतुक संपलं. आणि फोटो कुठे जाईल हे कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे संशय वाढला. पांढऱ्या केसांचा फायदा होतो, पण पुरुष असाल तर लहान मुलं आणि तरुण मुलींच्या बाबतीत तोच तोटा ठरतो. पूर्वी पोरं ‘काका, माझा फोटो’ म्हणत पुढे यायची. आता शेजारच्या आईकडे पाहून मान डोलावल्याशिवाय मुलांवर कॅमेरा रोखू नका. रस्त्यावर फोटो काढायला सरसकट बंदी घालणारा कायदा आपल्याकडे नाही, पण भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई खासगी क्षणांच्या आणि खासगी अवयवांच्या चित्रणाबद्दल आहेत, आणि ते योग्यच आहेत. लष्करी हद्द, विमानतळ, रेल्वे, मेट्रो, देवळाचा गाभारा इथे विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका. जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये मुलांकडे राहायला गेलात तर तिथे ओळखू येणाऱ्या माणसाचा फोटो प्रसिद्ध करण्याचे नियम बरेच कडक आहेत, हेही ध्यानात असू द्या.

कुणी हटकलं तर कॅमेरा लपवू नका, त्यानंच भांडण होतं. कॅमेरा खाली करा, एक पाऊल पुढे जा आणि खरं ते सांगा: “मावशी, टोपलीवर ऊन छान पडलंय, म्हणून काढला. नको असेल तर पुसतो.” दाखवा. नको म्हणाल्या तर त्यांच्यासमोर पुसा, वाद नाही. हो म्हणाल्या तर पुढच्या आठवड्यात चार बाय सहाचा प्रिंट नेऊन द्या. एका चहाच्या आगेमागे खर्च येतो आणि त्या रांगेतले सगळे गाळे तुम्हाला मोकळे होतात. एकाच जागी पुन्हा पुन्हा जाण्याचा हा दुसरा फायदा.

पालखी आणि गणपती विसर्जन पहिल्या वर्षी सोडून द्या. तिथे समोर सगळंच इतकं भरगच्च असतं की काहीही काढलं तरी बरं दिसतं, त्यातून हाताला वळण लागत नाही. चार तास उभं राहून गुडघा मात्र पंधरा दिवस बोलतो.

आठवड्यातून दोनदा, एक तास, ३६ फ्रेम. मोजून ३६. पडद्यावर फोटो लगेच दाखवण्याची सोय बंद ठेवा, घरी आल्यावरही दोन आठवडे निवड करू नका. काढल्या दिवशी आपल्याला फोटो दिसत नाही, काढतानाची मजा दिसते. दोन आठवड्यांनी पाहताना तीन चाळण्या लावा: पार्श्वभूमीत काही खुपतंय का, पाय-हात उघडे आहेत का, आणि जुन्या पुण्याच्या आठवणीनं तर हा आवडला नाही ना? वाड्याचा दरवाजा, सुरकुतलेला चेहरा, बंद पडलेली सायकल असले फोटो तिसऱ्या चाळणीत अडकतात.

के१०००चं शेवटी. आधी फिल्म न घालता मागचं झाकण उघडा, शटर १/१०००वर ठेवून खिडकीबाहेरच्या उजेडाकडे धरून दाबा. चौकटीची एक बाजू काळी किंवा अंधुक दिसली तर पडदे एका वेगानं धावत नाहीत, सर्व्हिस लागेल. झाकणाच्या खाचेतला काळा फोम बोटाला डांबरासारखा चिकटत असेल तर तो बदला, नाहीतर फिल्मवर नारिंगी रेषा येतील. लेन्समधून टॉर्च मारून पाहा, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी आहे. थोडी असेल तर साफ होते, काचेचा थर खाल्ला असेल तर डाग राहतो. साफ केल्यावर सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात ठेवा, आर्द्रता ४० ते ५० टक्के. या कॅमेऱ्याच्या मीटरला बंद करायचं बटणच नाही, लेन्सवर झाकण ठेवलं तरच सेल टिकतो. रोल, डेव्हलपिंग आणि स्कॅन मिळून ३६ फ्रेमना आता हजार रुपयांच्या पुढे जातात, म्हणून सराव डिजिटलवर आणि दोन महिन्यांतून एक रोल यात. जुन्या निगेटिव्हच्या पाकिटातून व्हिनेगरसारखा वास येत असेल तर मात्र कॅमेरा बाजूला ठेवा आणि आधी त्या स्कॅन करून घ्या. वास येणाऱ्या पट्ट्या बाकीच्यांपासून वेगळ्या करा आणि प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, कागदी पाकिटात ठेवा.